'कम्प्लीट' आणि 'फिनिश्ड' यांतला फरक शब्दकोशांना सांगता आला नाही?

नववीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'आय कम्प्लीटेड माय टी.' मी 'कम्प्लीटेड'खाली नुसती रेघ मारली. ती लगेच म्हणाली, "पण मॅडम, कम्प्लीट आणि फिनिश एकच ना? बाबांच्या मोबाईलवर तसं आलंय."

तो मेसेज मलाही अनेकदा आलाय. लंडनमध्ये म्हणे भाषातज्ज्ञांची स्पर्धा भरली. शेवटचा प्रश्न होता, 'कम्प्लीट' आणि 'फिनिश्ड' यांत फरक काय? कुठल्याच शब्दकोशाला तो नीट सांगता आलेला नाही, काही जण तर फरकच नाही म्हणतात. मग गयानाच्या एका गृहस्थाने उत्तर दिलं : योग्य बाई बायको म्हणून मिळाली की तुम्ही कम्प्लीट, चुकीची मिळाली की फिनिश्ड, आणि योग्य बाईने तुम्हाला चुकीच्या बाईबरोबर पकडलं की कम्प्लीटली फिनिश्ड. पाच मिनिटं टाळ्या! लोक हसतात आणि पुढे पाठवतात. पण त्यातली विधानं मुलं खरी मानून वहीत उतरवतात, म्हणून एकेक तपासायला हवं.

'शब्दकोशांना फरक सांगता आला नाही.' साफ खोटं. जॉर्ज क्रॅब यांचा इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश १८१६ साली आला. त्यात 'कम्प्लीट', 'फिनिश' आणि 'टर्मिनेट' हे तीन शब्द शेजारी ठेवून त्यांतला फरकच समजावलाय. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच हे काम झालेलं आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या तर स्वतःच्या चरित्रात हे दोन्ही शब्द सापडतात. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. तेव्हा तो कम्प्लीट झाला, कारण सगळी अक्षरं भरली. पण फिनिश झाला नाही. १९३३ साली पुरवणी आली, आणि सुधारणेचं काम आजही चालू आहे.

'दोन्हींत फरकच नाही.' इथे मात्र थांबायला हवं, कारण हा फरक मराठी माणसाला मुळातच कळतो. 'कम्प्लीट'च्या मागे लॅटिनमधलं 'कॉम्प्लेरे' हे भरण्याचं क्रियापद आहे, आणि त्यातला 'प्ले' व आपला 'पूर्ण' एकाच मुळातून आलेले आहेत. 'फिनिश'च्या मागे 'फिनिस' आहे, म्हणजे हद्द, शेवट. एकात भांडं भरतं, दुसऱ्यात वाट संपते. फॉर्म आपण कम्प्लीट करतो, कारण रिकाम्या जागा भरतो. चहा पिताना कप भरत नाही, रिकामा होतो, म्हणून चहा फिनिश. 'संच पूर्ण आहे' आणि 'संच संपला' ही दोन वाक्यं दुकानदाराच्या तोंडून ऐका. पहिल्यात पैसे काढायचे, दुसऱ्यात पुढच्या दुकानात जायचं. आपण तर बांगडी 'फुटली' म्हणायचं टाळून 'वाढवली' म्हणणारी माणसं. शब्दांच्या अशा छटा आपल्याला कोणी शिकवायला नकोत.

शिवाय 'फिनिश' म्हणजे नुसता शेवट नव्हे. लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, आधी रफ कट घेतात, मग फिनिश कट. त्याने पृष्ठभाग गुळगुळीत होतो. कारखान्यातले फिनिश्ड गुड्स म्हणजे संपलेला माल नाही, विक्रीला तयार माल. नवी इमारत पाहा. प्लास्टर, फरशी, रंग, सगळं फिनिशिंग झालेलं असतं, पण कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नसतो. तिथे घर घेऊन बसलेल्या माणसाला विचारा, फरक आहे की नाही! व्याकरणातही दोघांची वागणूक वेगळी. 'फिनिश ईटिंग' चालतं, 'कम्प्लीट ईटिंग' चालत नाही. पूर्ण अनोळखी माणूस 'कम्प्लीट स्ट्रेंजर' असतो, 'फिनिश्ड स्ट्रेंजर' कधीच नाही.

'लंडनची स्पर्धा.' मेसेजमध्ये ना साल, ना संस्था, ना सभागृह. भाषाविज्ञानाची जागतिक स्पर्धा खरोखर आहे, २००३ पासून भरते आणि २०१६ मध्ये आपल्याकडे म्हैसूरला झाली होती. ती शाळकरी मुलांसाठी असते. अनोळखी भाषेतली वाक्यं देतात आणि त्यांतून नियम शोधायला लावतात. तिथे कागदावर डोकं चालवावं लागतं. चटकदार उत्तराला टाळ्या घेण्याची ती जागा नव्हे.

राहिलं ते विजेतं उत्तर. त्यात 'फिनिश्ड'चा एकच अर्थ घेतलाय, बोलण्यातला 'निकाल लागला' हा. बाकी सगळे गाळले. आणि बाई म्हणजे काय, तर पुरुषाला भरणारी किंवा बुडवणारी वस्तू. समोर बसलेल्या मुलींना इंग्रजीचं उदाहरण म्हणून हे द्यायला माझी तयारी नाही.

त्या विनोदाचा शेवटचा शब्दप्रयोग मात्र मी फळ्यावर लिहिला : 'कम्प्लीटली फिनिश्ड'. दोन्ही शब्द एकच असते, तर त्यांची अदलाबदल करता आली असती. त्या मुलीला म्हटलं, उलटं करून बघ. 'फिनिश्डली कम्प्लीट' असं तिने दोनदा पुटपुटून पाहिलं, मग पेन्सिल घेतली आणि चहाच्या वाक्यातलं 'कम्प्लीटेड' स्वतःच खोडलं.