'अणू'चा अर्थ 'न कापता येणारा' नाही!

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. भाची आठवीत आहे. वर्गात सांगितलं, अणू म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत असा कण. हिने हात वर केला, "मग अणुबॉम्बमध्ये काय फुटतं?" उत्तर मिळालं, "खाली बस. व्याख्या पाठ कर." पोरगी घरी आली ती एवढंसं तोंड करून.

अहो, किती नेमका प्रश्न! त्यावर "खाली बस"?

'न कापता येणारा' हा अर्थ ग्रीक 'अ‍ॅटमॉस'चा. तिथला तत्त्वज्ञ डेमॉक्रिटस आणि त्याची मंडळी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तसं मानत. आपला 'अणू' म्हणजे नुसता बारीक, सूक्ष्म. त्याने कापण्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही! आपल्याकडच्या प्राचीन तत्त्वज्ञ कणादांचा परमाणू अविभाज्य होता, मान्य. पण ते मत त्यांच्या वैशेषिक दर्शनाचं. शब्दाचा अर्थ 'अतिसूक्ष्म' एवढाच. (हिंदीत तर 'अणु' म्हणजे आपला रेणू. ती वेगळीच कटकट.)

डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ग्रीक नाव रसायनशास्त्रात रुजवलं. रासायनिक अभिक्रियेत अणू फुटत नाही, तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरच. पण १८९७ मध्ये थॉमसनला अणूच्या आतला इलेक्ट्रॉन सापडला, १९११ मध्ये रदरफर्डने अणुकेंद्रक दाखवलं आणि १९३८ मध्ये युरेनियमचं केंद्रकच दुभंगलं. अर्थ खोटा ठरला, नाव तेवढं राहिलं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात हो! अभ्यासक्रम संपवायची घाई असते, कळतं मला. तरी पण.

संध्याकाळी तिला तीस सेंटिमीटरची कागदाची पट्टी दिली. म्हटलं, अर्धी कर. मग अर्ध्याची अर्धी. आठव्या कापाला जेमतेम मिलिमीटरभर तुकडा उरला, कात्रीत धरेना. "मावशी, अणूएवढी व्हायला अजून किती वेळा? लाखभर?" आम्ही वहीत हिशेब मांडला. सगळे मिळून एकतीसच! आठ झालेले, राहिले तेवीस. तिचे डोळे असे मोठे झाले की माझा दिवसभराचा राग तिथेच विरघळला.

मग तो तुकडा बोटाच्या टोकावर घेऊन म्हणाली, "म्हणजे कात्री हरली, अणू नाही जिंकला." आणि तो वहीत चिकटवून ठेवला, उद्या वर्गात दाखवायला.