सन्मानासोबत कागदाचंही बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या माजी सैनिकांच्या संघटनेनं वीरपत्नींना साडी-चोळी देऊन गौरवलं आणि भरतीच्या पोरांचा पळण्याचा सराव घेतला, हे वाचून डोळे भरून आले. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे आमच्याकडे पलटण हा घरातलाच शब्द.

माझे सासरे हवालदार होते. ते गेल्यावर सासूबाईंची कुटुंब पेन्शन आठ महिने अडली. पलटणीच्या कागदात त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, एवढंच कारण. शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार तीन वेळा एसटीने आले, प्रतिज्ञापत्र करून घेतलं, प्रत्येक अर्ज सासूबाईंना मराठीत वाचून दाखवला. चहाशिवाय काही घेतलं नाही. आजही नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवण तेच करून देतात.

संघटनेला विनंती, पुढच्या कार्यक्रमात कागदपत्रांचं एक टेबल मांडा. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रावर, बायकोचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे का, हे नवरा हयात असतानाच तपासून द्या. दुरुस्ती तेव्हा सोपी जाते. कन्नड फॉर्म समजावणारं माणूसही हवं. मला दोन्ही भाषा येतात, टेबलावर बसायला मी येईन.