लाल मातीत पडायची भीती नसते

जानेवारी २०२५मध्ये एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांचं आठवड्याला ९० तास कामाचं बोलणं गाजलं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस जुंपली होती. सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली आणि पुन्हा तेच सुरू झालं. माझ्या दादाचं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात छोटं मशीन शॉप आहे, अकरा माणसं कामाला. त्यानं तासांचा विषय एका वाक्यात मोडीत काढला. "आठ असू देत नाहीतर बारा. मालकाचा धाक नसला की पोरं मोबाईल घेऊन बसत्यात. तुला तिकडं जपानात बसून बोलायला काय जातंय?"

हे मला लागलं. कारण जपानात यायच्या आधी चार वर्षं मी कोल्हापुरातल्याच एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला होते, आणि धाकानं काय होतं ते मी तिथं हातात धरून बघितलंय.

आमच्याकडं एसजी आयर्नच्या कास्टिंग व्हायच्या. या लोखंडात मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइटचे बारीक गोळे बनतात आणि त्यानं कास्टिंगला चिवटपणा येतो. पण मॅग्नेशियम थांबत नाही, उडून जात राहतं. म्हणून मॅग्नेशियम घातल्यावर दहा मिनिटांत लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, रिकामी झाली पाहिजे, असा आमचा नियम होता. उशीर झाला तर गोळे नीट धरत नाहीत. वरून कास्टिंग अगदी झकास दिसते, पण आतून कच्ची.

एका रात्रपाळीला क्रेन मध्येच अडकली. लॅडल लटकून राहिली आणि शेवटचे साचे पार उशिरा भरले. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, गिऱ्हाइकानं आख्खा लॉट परत पाठवल्यावर. मी त्या रात्रीचं हीट रजिस्टर, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक ओतकामाची नोंदवही, काढलं. ओतकाम संपल्याची वेळ लिहिली होती १:३५. नीट बघितलं तर ३ हा आकडा आधीच्या ४ वर गिरवलेला होता.

ज्यांनी गिरवला ते मामा भट्टीवर वीस वर्षं होते. लोखंडाचा रंग बघून तापमान सांगायचे. मी विचारलं, मामा, असं का केलंत? त्यांनी मान खाली घातली नाही. म्हणाले, "ताई, मागच्या महिन्यात खरं लिहिलं तर माझ्या पगारातनं कापून घेतलं. क्रेन काय मी अडकवली हुती?"

त्या रात्री त्यांनी खरी वेळ लिहिली असती तर शेवटच्या दहा-बारा कास्टिंग बाजूला काढल्या असत्या आणि सकाळी परत भट्टीत टाकल्या असत्या. लोखंड कुठं जात नाही, जाते ती वीज आणि मजुरी. त्याऐवजी वाहतूक, डेबिट नोट (गिऱ्हाइकानं बिलातनं कापलेले पैसे) आणि गिऱ्हाइकाकडची पत, सगळंच गेलं. तरी व्यवस्थापनानं काय केलं? मामांना घरी बसवलं. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर आणखी स्वच्छ झालं. एकही वेळ चुकलेली नाही. मला ते रजिस्टर उघडायची भीती वाटायला लागली.

आता नागोयाजवळ मी ज्या कारखान्यात आहे तिथं लाईनवर एक दोरी असते. टोयोटामुळं जगाला माहीत झालेली ही अँडॉनची पद्धत. काही खटकलं तर कोणीही दोरी ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर येतो, ठरलेल्या टप्प्यापर्यंत सुटलं नाही तर लाईन थांबते. मला येऊन दीड महिना झाला होता. तपासलेला आणि न तपासलेला ट्रे माझ्याच हातून मिसळला. दोरीपर्यंत हात गेला आणि तिथंच थांबला. पगारातनं किती कापतील, याचा हिशोब मी मराठीत करत होते. मग ओढली. लीडर आला, दोन्ही ट्रे बघितले आणि विचारलं, दोन्ही ट्रे एकाच रंगाचे का आहेत? पुढच्या आठवड्यात न तपासलेल्या मालाचे ट्रे पिवळे झाले. माझं नाव कुठंच आलं नाही.

याचा अर्थ जपानी माणूस जन्मजात शहाणा, असं मला बिलकुल म्हणायचं नाही. दाइहात्सु ही टोयोटाच्याच मालकीची कंपनी. डिसेंबर २०२३मध्ये तिच्या चौकशी समितीचा अहवाल आला आणि ६४ मॉडेलच्या चाचण्यांत गैरप्रकार निघाले. बाजूच्या धडकेच्या चाचणीत एअरबॅग सेन्सरऐवजी टायमर लावून उघडली होती. कारण काय, तर विकासाच्या अशक्य मुदती आणि नापास व्हायची मुभाच नाही, असा दबाव. ज्या घराण्याची दोरी जगभर गेली, त्याच घरात ४ चा ३ झाला. हे वाचलं त्या रात्री मला मामा फार आठवले.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग १९५०मध्ये जपानला व्याख्यानं द्यायला आले होते. व्यवस्थापनासाठी त्यांनी पुढं जी चौदा सूत्रं मांडली त्यातलं आठवं भीती घालवण्याचं आहे. कामगारांचे लाड करा, असं ते सांगत नव्हते. ते आकड्यांचे माणूस होते, आणि घाबरलेला माणूस खरा आकडा देत नाही. संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीमच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. आधी त्याही चक्रावल्या. मग कळलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या.

दादाला हे सांगितलं तर तो तालमीवर आला. कोल्हापूरचा माणूस शेवटी तिथंच येणार. "वस्तादाच्या छडीशिवाय पैलवान झालाय का कोण?" छडी असते, मान्य. पण आखाड्याची माती कशी असते ते त्यानं लहानपणी स्वतः बघितलंय. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात, रोज खणून भुसभुशीत करतात. कशासाठी? पोरगं दिवसात पन्नास वेळा पाठीवर पडलं तरी एकावन्नाव्यांदा उठावं म्हणून. खासबागेच्या मैदानात पाठ लागली की कुस्ती गेली, पण तालमीत पाठ लागली म्हणून कोणी खुराक कापत नाही. पडायची भीती घेऊन नवा डाव शिकता येतच नाही. आपण कारखान्यात छडी तेवढी नेली आणि माती तालमीतच ठेवली.

आणि वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं आपण कौतुकानं म्हणतो. कारखान्यात ते फार महागात पडतं. जुना मिस्त्री सेटिंगची खुबी नव्या पोराला दाखवत नाही, कारण उद्या त्याच्या निम्म्या पगारात ते पोरगं उभं राहील. मामा गेले तेव्हा लोखंडाचा रंग ओळखायची विद्याही त्यांच्याबरोबर गेली.

दादाची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती मी इथं बसून विसरू नये. त्याला स्वतःलाच धाक आहे. त्याला काम देणारी वरची कंपनी चार जॉब खराब निघाले तरी डेबिट मारते, कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्या म्हटलंय तरी ते लांबतात. माझ्या लीडरला दोन ट्रे बाजूला ठेवायची ऐपत आहे, दादाला प्रत्येक जॉब मोजावा लागतो. वरनं आलेली भीती तो खाली देतो. पण पगार कापून ते डेबिट कधी भरून निघालंय? मी त्याला एवढंच मागितलं, तीन महिने कापणं बंद कर. जो स्वतः येऊन सांगेल त्याचा रुपया कापायचा नाही. बाकी धाक तुझा तुझ्याकडं ठेव.

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. गेल्या रविवारी फोन आला. एका पोराकडनं जॉबच्या भोकात आटे पाडायचा टॅप आतच तुटला होता. एरवी असले जॉब क्रेटच्या तळाला सापडायचे. या वेळी पोरगं जॉब हातात घेऊन केबिनमध्ये आलं.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"पहिल्यांदा शिव्या दिल्या," दादा म्हणाला. थोडा वेळ गप्प बसला. "मग जॉब बघितला. भोकच कमी मापाचं पडलं होतं गं. ड्रिल झिजलेलं. आणि ते बदलायचं माझ्याकडनंच राहिलं होतं."