कार्डाआधी डाँगल बघा

लेखात जुन्या डेस्कटॉपला वायफायसाठी पीसीआय एक्सप्रेस कार्ड (कॅबिनेट उघडून आत बसवायचं) सुचवलंय. कार्ड चांगलंच, पण दहा-बारा वर्षांच्या मशीनवर एवढा खर्च कशाला? साधा यूएसबी डाँगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखं पोर्टला लावायचं वायफायचं यंत्र, मेल, यूट्यूब आणि पोरांच्या अभ्यासाला बक्कळ झाला. फक्त एक बघा, स्वस्तातले बहुतेक डाँगल वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. राउटरचं ५ गिगाहर्ट्झवालं नाव त्यांना दिसतच नाही, तेव्हा उगाच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांना तसंही २.४च बरं, जाड भिंतीतून ते जास्त आत पोचतं.

खरी गोम जागेची आहे. डाँगल मागच्या पोर्टला लावला की पत्र्याचं कॅबिनेट आडवं येतं. यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डाँगल टेबलावर आणा, रेंजमध्ये फरक दिसेल. यूएसबी ३.० ची हार्डडिस्क त्याच्या शेजारी नको, तिचा रेडिओ गोंगाट नेमका २.४च्या पट्ट्यात येतो.

ड्रायव्हर (डाँगल चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवा, नेटच नसताना तो उतरवणार कुठून? विंडोज ७ असेल तर बँकेची कामं त्यावर नकोत, त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत.

आणि काहीच घ्यायचं नसेल तर अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडा, चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा. बऱ्याच फोनमध्ये वायफायचंच नेट पुढे जातं, मोबाइल डेटा लागत नाही. राउटर त्याच खोलीत असेल तर मात्र सरळ लॅन केबल टाका की राव!