‘डीपीएफ काढून टाका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“जुनी एसयूव्ही घ्यायची तर डिझेलच” असा फॉरवर्ड आठवडाभर फिरतोय. काल तो मेव्हण्याकडे पोचला आणि मेव्हणा एका गाडीचं टोकन द्यायला निघाला, म्हणून हे लिहितोय. त्यात म्हटलंय: डिझेल स्वस्त पडतं, डीपीएफचा दिवा लागला तर डीपीएफ कापून टाका, दिल्लीची गाडी निम्म्या किमतीत आणा, इंजिन ३ लाख किलोमीटर चालतं.

आधी ते कापणं. डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर. १ एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, त्यानंतरच्या डिझेल एसयूव्हींत तो असतोच. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. त्यासाठी १५-२० मिनिटं गाडी न थांबता चालायला हवी. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज ५-६ किलोमीटर सरकणाऱ्या गाडीला ती कुठून मिळणार? जळण अर्धवट राहिलं की त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल बऱ्याच इंजिनांत ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि टर्बोच्या बेअरिंगला मार बसतो.

नुसता डीपीएफचा दिवा असेल तर पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर चेंबूरहून पी. डी’मेलो रोडपर्यंत जा: १७ किलोमीटर, ताशी ६०-७०, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) २,०००च्या वर. सोबत चेक इंजिनचाही दिवा असेल तर थेट वर्कशॉप, तिथे स्कॅनर लावून काजळी जाळतात.

कापलात तर? मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ(४) वाचा: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि ती काजळी जाते कुठे? आपल्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, पोरं खेळतात तिथे.

आधीच्या मालकाने कापलाय का, ते असं बघा. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या नळीत आतून पांढरा टिश्यू फिरवा. चांगल्या डीपीएफची नळी जवळपास स्वच्छ असते. टिश्यू काळाकुट्ट झाला तर फिल्टर तडकलाय किंवा गायब आहे. मग डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि डिझेलचा वास? व्यवहार तिथेच सोडा.

डिझेल स्वस्त पडतं, हे अर्धं खरं आहे, मानतो. महिन्याला ५०० किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १० किलोमीटर, डिझेल ९० रुपये आणि लिटरला १३ किलोमीटर धरा: वर्षाला साधारण २१,००० वाचतात. पण तीच डिझेल गाडी लाखाने महाग असेल तर पैसे वसूल व्हायला ५ वर्षं जातात, आणि मधे एक इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) गेला की हिशेब पुन्हा मागे. महिन्याला १,५०० किलोमीटर, तेही बरेचसे हायवेवर असतील, तर डिझेल खुशाल घ्या. निव्वळ शहरासाठी साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल.

दिल्लीची गाडी स्वस्त झाली, कारण एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली. इथे आणायची म्हणजे एनओसी, नवा नंबर आणि पुन्हा रोड टॅक्स; वर १५ वर्षांच्या नोंदणीतली ५च उरलेली. शिवाय इतक्या जुन्या गाड्यांना बहुतेक वेळा डीपीएफच नसतो, मग कापायचं काय?

३ लाखांचं म्हणाल तर इंजिन चालेलही, पण मुंबईत क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला जोडलेलं, इंजिनचे धक्के शोषणारं जड चाक) त्याच्या कितीतरी आधी बदलावे लागतात.

जे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही ते इथलंच: पावसाचं पाणी. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली, किंवा स्टेपनीखाली बारीक माती सापडली, तर ती गाडी पाण्यात उभी होती.