लकवा आणि सुई: त्या मेसेजचं काय करायचं

‘चिनी प्राध्यापकाने सांगितलेला’ तो मेसेज फिरत फिरत आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि ती आता पर्समध्ये सुई घेऊन हिंडते. तिला बीपी आहे, शुगर आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज असा: लकवा मारला तर माणसाला जागचं हलवू नका, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतील. दहाही बोटांना सुई टोचून थेंबभर रक्त काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि पाळ्यांनाही टोचा. माणूस शुद्धीवर आला की मगच चांगल्या न्यूरोलॉजिस्टकडे न्या.

कान ओढण्याबद्दल काय बोलायचं! सोडा.

‘हलवू नका, थांबा’ हे मात्र जिवावर बेतणारं आहे. बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली असते, आणि बोटातून रक्त काढून ती हलत नाही. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅननंतर. कारण गुठळीऐवजी रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. हा फरक घरी बसून कुणालाच कळत नाही.

‘पण आमच्या शेजाऱ्यांना सुईने बरं वाटलं!’ वाटलं असेल. काही झटके थोड्या वेळात आपोआप ओसरतात, सुई टोचा नाहीतर टोचू नका. पण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो. तेव्हाही त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. बोटाला एक टोचणी खरंच लागते, ती कॅज्युअल्टीतली सिस्टर ग्लुकोमीटरसाठी देते. साखर फार उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं.

आता तो ‘चांगला न्यूरोलॉजिस्ट’. तो लागतोच, हे कबूल. पण एकटा तो काय करणार? फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९८ साली पेशंट दारात आल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत साधारण १०५ मिनिटं जायची. २०११ मध्ये ती २० वर आली. औषध तेच होतं, कामाची पद्धत बदलली. अ‍ॅम्ब्युलन्सवाले वाटेतूनच कळवू लागले, पेशंट पोचायच्या आत त्याची माहिती काढून तपासण्या लिहून ठेवलेल्या असत, स्ट्रेचर थेट सीटीच्या खोलीत जाई आणि इंजेक्शन तिथल्या टेबलावरच सुरू होई. पुढे गिळता येतंय का हे बघून मगच पाणी देणारी नर्स, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट हेही त्याच टीमचे लोक.

लकवा ओळखायला मेसेजमध्ये दिलेलं ‘हसायला सांगा, हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा’ एवढं बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तर १०८ लावा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे फोनवरच सांगा. आणि आत्या, घराजवळ चोवीस तास सीटी चालू असलेलं हॉस्पिटल कुठलं, ते आजच विचारून ठेव.