बॅकट्रेसची पहिली ओळ म्हणजे निदान नव्हे

इंदूरच्या मराठी सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: लिनक्सवर प्रोग्राम क्रॅश झाला की सोबतची छोटी शेल स्क्रिप्ट चालवा. ती कोअर फाइल (प्रोग्राम पडतानाच्या मेमरीची प्रत) शोधते, जीडीबी या डीबगरला (दोष शोधायच्या साधनाला) देते, बॅकट्रेसची (त्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं होतं त्या यादीची) पहिली ओळ उचलते आणि ‘कारण’ म्हणून छापते. एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) 139 असेल तर चुकीचा पॉइंटर (मेमरीचा पत्ता), 134 असेल तर फसलेला असर्ट (कोडमध्येच घातलेली तपासणी), 137 असेल तर मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न करणं). तरीही कळलं नाही तर कोअर फाइल गटात टाका, कुणीतरी बघेल. डीबगर शिकायची आता गरज नाही.

विजयनगरातल्या चार-पाच जणांच्या कंपन्यांमध्ये नुकतीच कॉलेजातून आलेली मुलं हा संदेश खरा मानून कामाला लागली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. शेल स्क्रिप्टला माझा विरोध नाही. रात्री सर्व्हर पडतो तेव्हा पुरावा गोळा करायला माणूस जागा नसतो, आणि ते काम स्क्रिप्ट माणसापेक्षा चोख करते. पण गोळा करणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं. या संदेशातली स्क्रिप्ट पहिलं काम अर्धवट करते आणि दुसरं करायला धावते.

‘कोअर फाइल शोधते’ इथेच पहिली अडचण आहे. बऱ्याच लिनक्स वितरणांत कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा मुळात शून्य असते. टर्मिनलमध्ये यूलिमिट या आज्ञेने ती वाढवली, तरी सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) सेवा म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला ती लागू होत नाही. तिथे ती सिस्टमडीच्याच सेटिंगमध्ये, उदाहरणार्थ सेवेच्या युनिट फाइलमध्ये, ठरते. शिवाय कोअर कुठे जाणार हे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) कोअर पॅटर्न ही सेटिंग ठरवते. ती उभ्या रेघेने (|) सुरू होत असेल तर कोअर फाइलमध्ये न जाता थेट दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती जातो. उबुंटूवर सहसा अॅपोर्टच्या, इतर बऱ्याच ठिकाणी सिस्टमडी-कोअरडंपच्या. चालू फोल्डरमध्ये शोधणाऱ्या स्क्रिप्टला तिथे काहीच मिळत नाही. कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा कोंडून चालवायच्या पेटीत) तर आणखी गोंधळ, कारण ही सेटिंग कंटेनरची स्वतःची नसते, यजमान मशीनची असते. ‘कोअर नाही, म्हणजे क्रॅश नाही’ असा अर्थ लावणारी स्क्रिप्ट धोकादायक आहे.

आता मुख्य मुद्दा, पहिली ओळ. दवा बाजारातल्या एका वितरकाचा साठा आणि बिलं सांभाळणारा सी प्लस प्लस सर्व्हर आमच्याकडे देखभालीला आला. दर काही दिवसांनी तो पडायचा, आणि नेहमी संध्याकाळचा अहवाल तयार होताना. टीममधल्या मुलीने फिरणारी स्क्रिप्ट चालवली आणि मला म्हणाली, “दादा, बिघाड लिबसीमध्ये दाखवतंय. लिबसी अपग्रेड करून बघू का?” स्क्रिप्टने खोटं काही छापलं नव्हतं. पहिल्या ओळीत लिबसीचंच, म्हणजे सी भाषेच्या मूळ लायब्ररीचंच, फंक्शन होतं. पण ते तिथे का होतं? मेमरी परत (फ्री) करताना हीपची, म्हणजे प्रोग्रामने चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीची, नोंद बिघडलेली आढळली की ग्लिबसी (लिनक्सवरची लिबसी) स्वतःहून प्रोग्राम बंद पाडते (अॅबॉर्ट). म्हणजे पहिल्या ओळीत दिसतो तो तक्रार करणारा, गुन्हा करणारा नव्हे.

गुन्हा सकाळीच झालेला होता. ग्राहकाच्या नावासाठी हीपवर 64 बाइट राखून ठेवले होते आणि लांबी न तपासता नाव त्यात कॉपी होत होतं. रोमन लिपीतली नावं आरामात मावायची. पण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. अशा 30 चिन्हांचं नाव 90 बाइटांचं होतं. ते शेजारच्या हीप-खंडाच्या आकाराची नोंद पुसून टाकायचं, प्रोग्राम दिवसभर तसाच चालायचा आणि संध्याकाळी अहवालवाल्या कोडच्या माथ्यावर खापर फुटायचं. बॅकट्रेसच्या एकाही ओळीत नाव कॉपी करणारं फंक्शन नव्हतं, कारण त्याचं काम कधीच संपलेलं होतं. असा दोष सापडतो तो अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा वापर तपासत राहणारं साधन) लावून केलेल्या बिल्डमध्ये: हद्द ओलांडली जाते त्याच क्षणी तो प्रोग्राम थांबवतो आणि ती मेमरी कुठे घेतली होती तेही दाखवतो. प्रोग्राम त्याने साधारण दुप्पट संथ होतो. चाचणीच्या मशीनवर ते सहज परवडतं.

‘मोठ्या कंपन्याही पहिल्या ओळींवरूनच क्रॅश ओळखतात’ असं संदेशाच्या बाजूने सांगितलं जातं. त्या कंपन्या त्यांवरून क्रॅशचे फक्त गट पाडतात, कारण ठरवत नाहीत. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची सोकोरो ही प्रणाली बॅकट्रेसवरून सिग्नेचर (गटाची ओळख) बनवते, पण त्यासाठी कुठली फंक्शनं ओलांडून पुढे जायचं याच्या याद्या माणसांनी बनवलेल्या असतात, आणि त्या सतत सुधाराव्या लागतात. एका गटात पडलेले क्रॅश एकाच कारणाचे असतीलच असं नाही. गट पाडण्यापुरती पहिल्या ओळींची मदत जरूर घ्यावी.

एक्झिट कोडचा तक्ताही सरळ नाही. 128 वजा केले की सिग्नलचा (प्रोग्रामला थांबवणाऱ्या सूचनेचा) क्रमांक मिळतो, एवढंच त्यातलं पक्कं. 137 म्हणजे सिग्नल 9, किल, अर्थात सक्तीने बंद. मेमरी संपल्यावर कर्नल हा सिग्नल पाठवतो, पण कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये स्टॉप दिल्यावर प्रोग्राम 10 सेकंदांत बंद झाला नाही तर डॉकरही हाच पाठवतो. कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद आहे का ते पाहिल्याशिवाय ‘लीक’ म्हणता येत नाही, आणि असली तरी मेमरी खाणारा प्रोग्राम दुसराच असू शकतो. 134 म्हणजे अॅबॉर्ट. तो असर्टमुळे येतो, वर सांगितलेल्या हीपच्या बिघाडामुळे येतो, आणि सिस्टमडीच्या वॉचडॉगची (प्रोग्राम प्रतिसाद देतोय का पाहणाऱ्या पहारेकऱ्याची) मुदत टळली तरी येतो. त्या तिसऱ्या वेळी प्रोग्राम क्रॅश झालेलाच नसतो, अडकलेला असतो. तेव्हा एका थ्रेडचा (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या एका कामाचा) बॅकट्रेस अपुरा पडतो. कोणता थ्रेड कोणत्या लॉकसाठी थांबलाय हे कळायला सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस लागतात, आणि फिरणारी स्क्रिप्ट ते घेतच नाही.

मग स्क्रिप्टने काय करावं? सगळ्या थ्रेडचे पूर्ण बॅकट्रेस, रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या किमती), लोड झालेल्या लायब्ररींची यादी, कर्नल लॉगचा त्या वेळचा तुकडा, आणि बायनरीचा (तयार प्रोग्राम फाइलचा) बिल्ड आयडी, म्हणजे ती नेमकी कोणत्या बिल्डची हे सांगणारी खूण, एका फोल्डरमध्ये ठेवावा. बिल्ड आयडी विसरू नका. काल पडलेल्या प्रोग्रामचा कोअर आज नव्याने बिल्ड केलेल्या बायनरीशी जोडला, तर जीडीबी फंक्शनांची नावं दाखवेल आणि ती चुकीची असतील. म्हणून प्रत्येक रिलीजची डीबग माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढून जपून ठेवावी. ग्राहकाकडे स्ट्रिप केलेली (डीबग माहिती काढलेली) बायनरी गेली तरी चालतं. आणि ‘कारण’ छापणारी ओळ स्क्रिप्टमधून काढून टाकावी. त्या फोल्डरमधली माहिती वाचायला डीबगर यावाच लागतो. फ्रेम बदलणं (बॅकट्रेसमधल्या एका ओळीवरून दुसरीवर जाणं), व्हेरिएबल पाहणं, मेमरी तपासणं एवढ्यापासून सुरुवात केली तरी पुष्कळ आहे.

राहिला कोअर फाइल गटात टाकण्याचा सल्ला. तो मला सगळ्यांत जास्त खटकतो. कोअर म्हणजे पडण्याच्या क्षणीची प्रोग्रामची मेमरी. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असू शकतो, टीएलएसची (जोडणी गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीची) खाजगी किल्ली असू शकते, आणि आमच्या उदाहरणात तर औषधं घेणाऱ्यांची नावं आणि मोबाइल क्रमांक होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा नुसत्या शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. मदत हवी असेल तर बॅकट्रेसचा मजकूर पाठवा, तोही त्यातल्या व्हेरिएबलच्या किमती नजरेखालून घालून. आणि कोणी गटात कोअर आधीच टाकला असेल, तर आज तो काढा, त्या सर्व्हरचे पासवर्ड आणि किल्ल्या बदला, आणि ज्याची माहिती त्यात होती त्या ग्राहकाला स्वतःहून कळवा.